केग फ्रिज की इन्स्टंट चिलर? ड्राफ्ट बीअर लावण्याआधी

ड्राफ्ट, म्हणजे केगमधून (बीअरच्या स्टीलच्या पिंपातून) नळाने ग्लासात येणारी बीअर, लावायचं ठरलं की नाशिकच्या बहुतेक हॉटेलवाल्यांपुढे दोन रस्ते असतात. एक इन्स्टंट चिलर: केग साध्या हवेत उभा राहतो आणि बीअर कॉइलमधून नळाकडे जाताना गार होते. दुसरा केग फ्रिज: अख्खा केगच गार ठेवायचा आणि वरच्या टॉवरमधून, म्हणजे नळ बसवलेल्या खांबातून, सरळ ओढायचं. मी दोन्ही वापरले आहेत. गंगापूर रोडला आमचं फॅमिली रेस्टॉरंट आणि परमिट रूम आहे. सुरुवात चिलरवर झाली, आता केग फ्रिज आहे. म्हणजे माझा कल उघड आहे. तरीही चिलरची बाजू खोटी नाही, म्हणून तीच आधी सांगतो.

चिलरला पूर्वतयारी लागत नाही. गाडीतून केग उतरवला, कपलर (केगच्या तोंडाला बसणारा जोड) बसवला, की ग्लास भरायला घ्यायचा. केग फ्रिजचं तसं नाही. उन्हातून आलेला केग आत ठेवला तर त्याच्या पोटातली बीअर तीन-चार अंशांवर यायला चोवीस तास धरून चालावं. शनिवारी रात्री गार केग संपला, तर मागच्या खोलीत भरलेले केग असूनही काउंटरवर ‘ड्राफ्ट नाही’ म्हणावं लागतं. त्र्यंबक रोडच्या लॉन्सवर परवाना काढून एखादा कार्यक्रम करायचा असेल, तर चिलरला पर्यायच नाही. जागेचाही मुद्दा आहे. कॉलेज रोडच्या अरुंद गाळ्यात काउंटरमागे दोन केगचा फ्रिज बसवला तर पोरांना वळायला जागा उरत नाही. शिवाय ठरावीक खप होत असेल तर बीअर कंपनी बऱ्याचदा चिलर स्वतःच लावून देते आणि आपले पैसे अडकत नाहीत. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला ही गोष्ट लहान नाही.

तरीही मी बदललं, आणि त्याचं कारण एकच: रेग्युलेटरचा स्क्रू. बीअर नळापर्यंत ढकलायला केगला सीओटू गॅसचा सिलिंडर जोडलेला असतो, आणि त्याचा दाब या स्क्रूने कमी-जास्त होतो.

बीअर जितकी गरम, तितका तिच्यात गॅस धरून ठेवायला दाब जास्त लागतो. साध्या लागर बीअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम गॅस, म्हणजे बीअरच्या अडीचपट आकारमानाचा, असतो असं धरा. केग ३ अंशांवर असेल तर हा गॅस टिकवायला तापमान आणि दाबाच्या तक्त्याप्रमाणे ११ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात. केग ३० अंशांवर असेल तर ३८ लागतात, ३५ अंशांवर ४४. तक्ते समुद्रसपाटीचे असतात आणि नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे प्रत्येक आकड्यात एक पीएसआय आणखी मिळवायचा. चिलर असेल तर नेहमीच या वरच्या दाबावर काम करायचं. एवढ्या दाबाने बीअर नळातून उसळू नये म्हणून नळाला बाजूला प्रवाह कमी-जास्त करणारी छोटी दांडी असते. मुंबईत समुद्रामुळे तापमान वर्षभर फार बदलत नाही, तिथे एकदा दाब बसवला की महिनोन् महिने चालत असेल. आपल्याकडे जानेवारीत मागच्या खोलीत पहाटे १५ अंश असतात. तेव्हा त्याच केगला २२-२३ पीएसआय लागतात. मार्चमध्ये सकाळी अंगावर स्वेटर आणि दुपारी पंख्याखालीही घाम. केग हळू तापतो आणि हळू निवतो हे खरं, पण तीन-चार दिवस ऊन वाढलं की तोही वाढतोच. म्हणजे बरोबर दाब कोणता, याचं उत्तर आठवड्याआठवड्याला बदलतं.

मालक रोज थर्मामीटर घेऊन बसला तर हेही निभावतं. पण नळावर मालक उभा नसतो, पोरगा उभा असतो. साडेनऊला गर्दी, समोर चार टेबलं खोळंबलेली, ग्लासात अर्धा फेस. पोरगा काय करणार? मागे जाऊन स्क्रू ढिला करणार. ‘शेठ, फेस येत होता, प्रेशर कमी केलं.’ त्याचं म्हणणं वरवर पाहिलं तर बरोबर वाटतं. दाब कमी झाला म्हणजे धार मंद होते आणि पहिले दोन ग्लास बरे येतात. पण आता ३० अंशांच्या केगवर पंधरा-वीसच पीएसआय राहिलेत. बीअरमधला गॅस केगमध्ये आणि नळीतच सुटायला लागतो, लाइनमध्ये बुडबुडे दिसतात आणि अर्ध्या तासात फेस आधीपेक्षा दुप्पट. तो आणखी ढिला करतो. रात्री उशिरा ज्या टेबलाला बीअर जाते, तिच्यावर फेसाचा डोंगर आणि खाली गॅस गेलेली, चपटी बीअर. दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्क्रू पुन्हा भरपूर आवळतं. त्या रात्री केग थोडा निवलेला असला तर जादा गॅस बीअरमध्ये मुरतो आणि आता फेस उलट्या कारणाने येतो. हे चक्र माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा झालं. पोरं बदलली, तरी स्क्रू फिरवणारा हात बदलला नाही. सांडलेल्या फेसाचं मोजमाप मी कधी लिहून ठेवलं नाही, पण ड्रिप ट्रे किती वेळा रिकामा करावा लागतो यावरून मला पुरेसा अंदाज येत होता.

केग फ्रिजमध्ये हा प्रश्न जवळजवळ संपतो. आत २ ते ४ अंश, दाब १० ते १२ पीएसआय, वर नाशिकच्या उंचीचा एक. बाहेर मे असो की जानेवारी, काटा तिथेच राहतो. दाब कमी आणि लाइन छोटी असल्यामुळे दाब आणि नळीचा अडथळा यांचा तोल साधणंही सोपं. तीन षोडशांश इंच आतल्या व्यासाची नळी फुटाला साधारण ३ पीएसआय अडवते, म्हणून चार-पाच फूट नळीत हिशोब जुळतो. मी रेग्युलेटरला कुलूपवालं झाकण बसवून घेतलं आणि किल्ली गल्ल्यात ठेवली. किल्ली मागायची वेळच येत नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. काउंटरवरच्या मुलाला आता फेस आला तर एवढंच माहीत आहे: आधी ग्लास बघायचा, मग नळ, मग थर्मामीटर. दाबाकडे जायचंच नाही.

सफाईतही मला फरक जाणवला, जरी नियम दोन्हीला एकच आहे. दर १४ दिवसांनी लाइन, म्हणजे बीअरची नळी, कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने) धुवायची, पंप लावून द्रावण किमान १५ मिनिटं फिरवायचं, त्याच वेळी नळ पूर्ण खोलून ब्रशने घासायचा, कपलर पुसायचा. तीन महिन्यांनी ॲसिड वॉश, कारण बीअरमधल्या कॅल्शियमचा खडा कॉस्टिकला दाद देत नाही. शेवटी साध्या पाण्याने इतकं धुवायचं की पीएच पट्टीवर नळाचं पाणी आणि लाइनमधलं पाणी सारखंच दिसलं पाहिजे. हातमोजे आणि चष्मा न घालता कॉस्टिकला कुणालाही हात लावू देऊ नका. केग फ्रिजमध्ये हे काम पाच फुटांचं आहे. चिलरमध्ये मशीनच्या पोटातली स्टीलची कॉइल आली, ती दिसत नाही, ब्रश जात नाही, आणि पंप नसेल तर नुसतं द्रावण भरून ठेवण्यावर भिस्त राहते. नळ खोलला की आत दांड्याच्या मागे पिवळसर, बुळबुळीत थर हाताला लागतो. पंधरवडा चुकवला की तो हमखास दाट झालेला असतो, आणि मग बीअरला आंबट ताकासारखा वास येतो. गिऱ्हाईक कंपनीला नाव ठेवतं, दोष आपल्या नळाचा असतो.

ड्राय डे हा आपल्याकडचा खास विषय. २ ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी हे एकेका दिवसाचे. पण निवडणूक आली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद, शिवाय मतमोजणीचा दिवस. उघडलेला अर्धा केग ३५ अंशांच्या खोलीत असा पडून राहिला तर त्याची चव उतरते. पाश्चराइझ न केलेली बीअर असेल तर प्रश्नच नको. फ्रिजमध्ये तोच केग थंड बसून असतो. वीज गेली तरी तसंच. पन्नास लिटर गार बीअर तास-दोन तासांत तापत नाही, फक्त दार उघडायचं नाही. चिलरमध्ये बर्फाची टाकी असेल तर थोडा साठा मिळतो, पण टाकीतलं पाणी ढवळणारी मोटर बंद पडली की त्याचा उपयोग निम्मा. ॲल्युमिनियम ब्लॉकवाल्या कोरड्या चिलरला तर काहीच साठा नसतो. आणि गर्दी जोरात असली की वीज असूनही बर्फ संपतो. साडेआठचा ग्लास आणि सव्वादहाचा ग्लास यांत फरक लागतो, तो यामुळे.

आता केग फ्रिजची दुखणी. पहिला ग्लास फेसाळ येतो, कारण टॉवरमधला नळीचा तुकडा खोलीच्या हवेत तापलेला असतो. टॉवरमध्ये गार हवा फेकणारा छोटा पंखा असलेलाच फ्रिज घ्या, नसेल तर बसवून घ्या. माझ्या मते पन्नास टक्के तक्रारी इथेच मिटतात. भरलेला ५० लिटरचा केग साठ किलोच्या वर जातो, फ्रिजच्या उंबऱ्यावरून आत सरकवायला दोन माणसं लागतात. शक्य असेल तर ३० लिटरचे मागवा. स्टॅबिलायझर हवाच. आणि साठ्याचं नियोजन करावं लागतं: आम्ही दोन केगच्या जागेत एक चालू आणि एक गार होत असलेला, असं ठेवतो. शुक्रवारचा माल गुरुवारी सकाळी आत गेलाच पाहिजे. ही शिस्त ज्याला जमणार नाही, त्याने फ्रिज घेऊ नये असंच मी सांगेन.

ग्लायकॉलची लांब लाइन, म्हणजे सोबत थंड ग्लायकॉल फिरवून गार ठेवलेली बीअरची नळी, इथे सविस्तर घेत नाही. कोल्ड रूम खाली आणि बार वरच्या गच्चीवर असेल, सहा-आठ नळ असतील, तर तीच लागते. तिथे नायट्रोजन मिसळलेला गॅस आणि नियमित तंत्रज्ञ आला. एक-दोन नळांच्या हॉटेलला तो बोजा आहे.

मधला एक मार्ग आहे आणि तो मला वाईट वाटत नाही. कंपनीचा चिलर घ्यायचा, पण केग मागच्या खोलीत उघड्यावर न ठेवता थंड कपाटात किंवा निदान एसी खोलीत ठेवायचा. केग १५-१८ अंशांवर वर्षभर राहिला तरी दाब स्थिर राहतो आणि स्क्रूची अर्धी कटकट जाते. भांडवल कमी असेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त सीओटूचा सिलिंडर त्या बंद खोलीत ठेवू नका. गळती झाली तर वास येत नाही आणि माणूस कोसळतो. सिलिंडर बाहेर, साखळीने उभा बांधलेला, आणि गॅस खाद्य दर्जाचाच.

घेण्याआधी ओळखीच्या दोन हॉटेलांत जाऊन बघा, एक चिलर असलेलं, एक फ्रिज असलेलं. एकदा दुपारी चारला आणि एकदा शनिवारी रात्री दहाच्या सुमारास. ग्लासात थर्मामीटर बुडवा. मग मालकाला विचारून मागे जा आणि रेग्युलेटरचा काटा कुठे आहे ते बघा, आणि काउंटरवरच्या पोराला विचारा की तो काटा शेवटचा कधी आणि कुणी हलवला.