सीट बदलावी की टायर? बडोद्यात रोज सायकलने जाणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारातून निघायचं, विश्वामित्री ओलांडायची, काळा घोडा चौकातून फतेहगंज गाठायचं. रोज एवढं अंतर कापताना बूड आणि मनगटं ठणकायला लागली, की बहुतेक जण आधी मऊ जेलचं सीट कव्हर आणतात. मीही आणलं होतं. दोन दिवस सुखाचे गेले, आठवड्याभरात दुखणं वाढलं. शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. फार मऊ गादीत ती हाडं रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. म्हणून कव्हर मी यादीतून काढूनच टाकलंय.

खरी निवड उरते ती स्प्रिंगची रुंद सीट की जाड टायर, अशी.

हँडल उंच असेल, पाठ ताठ ठेवून बसत असाल, तर जवळजवळ सगळं वजन सीटवर येतं. तिथे स्प्रिंगची सीट उत्तम. पुढे वाकून चालवणाऱ्याला मात्र तीच रुंद सीट मांड्यांना घासते. शिवाय तिचा उपयोग फक्त बुडाला. हाताला बसणारे दणके तसेच राहतात.

टायर खड्डा अंगावर घेतो तो सीट आणि हँडल या दोघांच्याही आधी. 28 मिलिमीटर रुंद टायरमध्ये हवा कडक ठेवावी लागते. 38 च्या टायरमध्ये साधारण 70 किलोच्या माणसाला 50 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरते, मागच्या चाकात थोडी जास्त. टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याखाली मात्र जाऊ नका. नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून पंक्चर होते. विकत घेण्याआधी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), मडगार्ड आणि ब्रेकमध्ये जागा आहे का ते मोजा. टायरच्या कडेवर 37-622 असे आकडे असतात: पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा; हा दुसरा आकडा जुन्या टायरशी जुळलाच पाहिजे. नुसतं ‘26 चं द्या’ म्हणून चालत नाही, त्या नावाखाली वेगवेगळ्या मापांची चाकं आहेत.

माझा कौल टायरला. फ्रेममध्ये जाड टायर मावतच नसेल, तर स्प्रिंगचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) बघा, पण त्याचा व्यास फ्रेमला तंतोतंत हवा. स्वस्त सायकलींच्या पुढच्या शॉकरचा मोह नको: वजन वाढतं, बुडाला काहीच मिळत नाही.

आणि पैसे काढण्याआधी एक पाना घ्या. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा; पाय जेमतेम सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट आडवी, सपाट ठेवा. नाक खाली झुकलं की माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. माझी मनगटं एवढ्यानेच ठणकायची थांबली, टायर नंतर आले.