विमानातला हिस्सा घ्यायचा की फ्लाइंग क्लबात राहायचं? विम्याच्या बाजूने पाहिलं तर

अमेरिकेत प्रायव्हेट पायलटचं लायसन्स नुकतंच हातात आलंय आणि कुणाच्या तरी विमानात हिस्सा मिळतोय, अशांसाठी हे लिहितो आहे. हिश्श्याची किंमत, हँगरचं भाडं, इंजिनाचे तास हे सगळे विचारतात. विमा मात्र पैसे दिल्यावर आठवतो. तो आधी विचारा.

सेस्ना १७२ किंवा पायपर वॉरियरसारखं स्थिर चाकांचं विमान असेल, तर नवख्यालाही विमा सहसा मिळतो. फार तर इन्स्ट्रक्टरबरोबर काही तास उडायची अट येते. हप्ता मात्र हिस्सेदारांपैकी सर्वांत कमी अनुभवी पायलट पाहून ठरतो. म्हणजे तुम्ही आलात की सगळ्यांचाच वाढतो. हा फरक कोण भरणार, हे आधीच लेखी ठरवा. माझ्या मते तो पहिल्या वर्षी नव्या माणसानेच भरावा, मनं साफ राहतात.

पायपर ॲरो किंवा बोनान्झाची गोष्ट वेगळी. चाकं आत घेणारी ही विमानं वेगवान, हिस्साही कधीकधी परवडणारा. पण चाकं न सोडता उतरल्याचे दावे विमा कंपन्यांनी भरपूर पाहिलेत. त्यामुळे त्या मॉडेलवरचे तास, इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास, प्रवासी घेण्याआधी एकट्याने उडायचे तास, अशा अटी येतात, किंवा सरळ नकार येतो. इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात एंडॉर्समेंट (हे विमान उडवायला तुम्ही तयार आहात अशी सही) दिली म्हणजे कायद्याने तुम्ही मोकळे; पॉलिसीने मोकळे झालात असं नाही.

क्लबात किंवा भाड्याने उडत असाल, तर स्वतःची ‘नॉन-ओन्ड’ (आपल्या मालकीच्या नसलेल्या विमानासाठीची) पॉलिसी घेता येते. तिच्यात तुमची लायबिलिटी (दुसऱ्यांच्या इजा-नुकसानीची जबाबदारी) येते आणि हवं तर भाड्याच्या विमानाचं नुकसानही. पण एखाद्या विमानात छोटासा जरी हिस्सा घेतलात, तरी त्या विमानापुरती ती लागू होत नाही. वर्षाला पन्नास तासही उडणार नसाल, तर मी क्लबच निवडेन.

आता सर्वांत महत्त्वाचं. काही गट म्हणतात, ‘नाव घालायची गरज नाही, तू ओपन पायलट कलमात बसतोस.’ हे अजिबात मान्य करू नका. ठरलेला अनुभव असलेल्या कुठल्याही पायलटला नाव न घालता विमान उडवू देणारं ते कलम मालकांना वाचवतं, तुम्हाला नाही. तुमच्या हातून विमान मोडलं, तर कंपनी मालकांना पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करू शकते. पॉलिसीवर ‘नेम्ड इन्शुअर्ड’ (नावानिशी विमाधारक) म्हणून तुमचं नाव हवंच. विमानासाठी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढलीत, तरी जोडीदाराच्या चुकीपासून थोडं संरक्षण मिळेल. स्वतः कंट्रोलवर असताना झालेली चूक तुमच्याच अंगावर येते.

रकमाही नीट वाचा. दहा लाख डॉलर लायबिलिटी म्हटलं, तरी त्यात बहुतेकदा दर प्रवाशामागे एक लाखाची मर्यादा असते. बायको-मुलांना, मित्रांना घेऊन उडणाऱ्याने या आकड्यावर थांबून विचार करावा. दर प्रवाशामागची ही मर्यादा नसलेली पॉलिसी महाग असते आणि नवख्याला सहज मिळत नाही, तरी विचारून पाहा.

विचारायचं ते एकाच ब्रोकरमार्फत. एकाच विमानासाठी दोन-तीन ब्रोकर त्याच कंपन्यांकडे गेले, की गोंधळ होतो. कोटेशन सहसा पहिल्यालाच मिळतं. एकूण तास, त्या मॉडेलवरचे तास, गेल्या बारा महिन्यांतले तास आणि मेडिकलची (पायलटच्या वैद्यकीय तपासणीची) तारीख लिहून द्या. कोटेशन तुमच्या नावासकट लेखी येईपर्यंत हिश्श्याचा चेक देऊ नका.