माळढोकासाठी काय बरं, वायर जमिनीखाली की वायरवर डायव्हर्टर?

जैसलमेरकडे सोलर आणि पवनचक्क्यांच्या लाइनींचं जाळं झालंय आणि माळढोक त्यांना धडकून मरतात, कारण पक्षी भलताच जड, नर तर 15 किलोपर्यंत जातो, डोळे डोक्याच्या बाजूला त्यामुळे समोरची वायर उशिरा दिसते, आणि दिसली तरी एवढं वजन घेऊन झटकन वळणार कसा.

एप्रिल 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने वायरी जमिनीखाली न्यायला सांगितलं. धोका मुळातूनच जातो. पण सरकार म्हणालं खर्च अफाट, हाय व्होल्टेज लाइन लांबवर जमिनीखाली नेणं अवघड, मग मार्च 2024 मध्ये कोर्टाने सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली.

डायव्हर्टर म्हणजे पक्ष्याला वायर लांबून दिसावी म्हणून वायरवर लटकवलेल्या चमकत्या चकत्या. स्वस्त आणि पटकन बसतात, पण वायर तिथेच राहते ना!

मला विचाराल तर जिथे माळढोक अंडी घालतो तिथे वायर जमिनीखालीच गेली पाहिजे, कितीही खर्च येऊ दे, डायव्हर्टर बाकीच्या भागात ठीक. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते हो, एक पक्षी गेला की भरून यायला वर्षं लागतात. आपल्या सोलापूरच्या नान्नजला अभयारण्य आहे, माळढोक मात्र दिसेनासा झालाय.