पहिला हाय-सी प्रयोग व्हर्टिसिलियमवर करावा की फ्युजेरियमवर?

टोमॅटोचं झाड दुपारी माना टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं आणि काही दिवसांत उभ्या उभ्या वाळून जातं. खोड चिरलं की आत तपकिरी रेघ दिसते. शेतकऱ्याच्या भाषेत ही 'मर'. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरममुळेही ती येते आणि व्हर्टिसिलियम डाहलीमुळेही. दोन्ही बुरशींमध्ये रोग घडवणारी बरीचशी जनुकं जीनोमच्या (बुरशीच्या एकूण डीएनएच्या) वेगळ्या, सतत बदलत्या भागांत असतात. हे भाग केंद्रकात कसे घडी घालून बसतात, यावर पीएचडी करायची तर कोणती बुरशी घ्यावी?

आधी प्रयोगाविषयी. २००९ साली पुढे आलेल्या हाय-सी तंत्रात केंद्रकात शेजारी असलेले डीएनएचे तुकडे फॉरमॅल्डिहाइडने जागच्या जागी बांधतात, एन्झाइमने कापतात, सुटी टोकं जोडतात आणि कोण कोणाला जोडलं गेलं ते सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून, मोजतात. हाती येतो तो चौकोनी नकाशा. कर्णावर गडद पट्टा, कारण जवळचे भाग एकमेकांना जास्त भेटतात. कर्णापासून दूर, दोन वेगळ्या गुणसूत्रांच्या चौकटीतही एक ठळक ठिपका दिसतो. तिथे दोघांचे सेंट्रोमिअर, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं ते भाग, एकमेकांजवळ असतात. बुरशीत ते केंद्रकाच्या कडेला गोळा होतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: माणसात डीएनएच्या घड्यांच्या सीमा आखणारं सीटीसीएफ प्रथिन बुरशींमध्ये नाही. मानवी पेशींवरच्या शोधनिबंधांतले निष्कर्ष इथे तसेच लावता येत नाहीत.

व्हर्टिसिलियमचा जीनोम आटोपशीर आहे: ८ गुणसूत्रं, सुमारे ३.६ कोटी अक्षरं. त्याचे सेंट्रोमिअर मोठे, अ आणि ट या अक्षरांनी भरलेले, त्यामुळे नकाशावर सहज सापडतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बुरशीच्या जीनोममध्ये स्पष्ट कप्पे, म्हणजे आपापसांत जास्त भेटणारे डीएनएचे सलग भाग, दिसले. कप्प्यांच्या सीमांवर जनुकं दाट होती, पण त्यांची अभिव्यक्ती कमी आणि तिथले बदलही कमी. रोगाशी जोडलेल्या भागांत मात्र कप्प्यांच्या भिंती पातळ होत्या, आणि हे भाग जीनोममध्ये लांब असूनही एकमेकांना जास्त भेटत होते. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. घडीची ठेवण आणि उत्क्रांतीचा वेग यांचा संबंध इथे नजरेस येतो. पण तो नुसता संबंध आहे. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, ते ठरायचं आहे. नव्या विद्यार्थ्याला काम तिथेच आहे.

फ्युजेरियमची गोष्ट जास्त नाट्यमय. टोमॅटोवर रोग करणाऱ्या तिच्या प्रसिद्ध वाणात १५ गुणसूत्रं, सुमारे ६ कोटी अक्षरं, आणि त्यांतली चार गुणसूत्रं जादाची, म्हणजे सगळ्या वाणांत नसणारी. २०१० साली दाखवलं गेलं की त्यांतलं १४ क्रमांकाचं गुणसूत्र निरुपद्रवी वाणात गेलं की तो वाण टोमॅटोवर रोग करू लागतो. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेलं असतं त्या हिस्टोन प्रथिनांवरची, जनुकं दाबून ठेवणारी रासायनिक खूण या जादा भागांत दाट असते. आख्खं गुणसूत्र नव्या केंद्रकात आल्यावर जागा कुठे पटकावतं? प्रश्न सुंदर आहे, पण वाट खडतर. जादा गुणसूत्रांत पुनरावृत्त डीएनए भरपूर, म्हणून सिक्वेन्सिंगचा छोटा तुकडा नेमका कुठला हे ठरवता येत नाही. तो टाकून द्यावा लागतो, आणि ज्या भागासाठी खटाटोप केला तिथेच नकाशावर पांढरे पट्टे उरतात. डीएनएचे लांब तुकडे सलग वाचून बांधलेला, गुणसूत्राच्या टोकापासून टोकापर्यंतचा जीनोम हाती नसेल तर या वाटेला जाऊ नका.

जादा गुणसूत्र पटकन गळून कसं पडतं, एवढाच प्रश्न असेल तर गव्हावरची झायमोसेप्टोरिया ट्रिटिसी बरी. तिच्या संदर्भ वाणात २१ पैकी ८ गुणसूत्रं जादाची. तिचे सेंट्रोमिअर जेमतेम १० हजार अक्षरांचे असल्याने नकाशात शोधताना डोळे शिणतात.

माझा सल्ला: पहिला प्रकल्प, मर्यादित निधी आणि तीन-चार वर्षं हाती असतील तर व्हर्टिसिलियम. प्रयोगशाळेत फ्युजेरियमवर आधीच काम चालू असेल आणि गुणसूत्र हस्तांतरित झालेले वाण मिळणार असतील, तरच फ्युजेरियम.

कोणतीही निवडली तरी एन्झाइम मागवण्याआधी संगणकावर जीनोम कापून पाहा. डीपीएन-२ हा नेहमीचा एन्झाइम 'जीएटीसी' शोधतो; अ-टनी भरलेल्या भागांत ही जागा विरळ असते. न्यूरोस्पोरा या प्रयोगशाळेतल्या बुरशीवर काम करणाऱ्यांनी अशा भागांसाठी 'टीटीएए' कापणारा एन्झाइम वापरला आहे. तुम्हाला हवा तो भाग किती ठिकाणी कापला जातो, ते आधी मोजा.