हायब्रिड गाडी, गॅस किट आणि माझे 6,35,000 रुपये

सेकंडहँड हायब्रिड (पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हीवर चालणारी गाडी) बघताना विकणारा "इंजिनचं स्पेशल काम केलंय" म्हणाला की चहासुद्धा न घेता उठा. मला हे सांगणारं कुणी भेटलं नाही म्हणून लिहितोय.

गाडी 2014 ची कॅमरी हायब्रिड, एमएच 09 पासिंग, पांढरी, आतनं चकाचक. मी बेळगावचा, यार्ड कोल्हापूरकडं, हायवेला लागून. यार्डवाला तोंडानं गूळ. "पावणं, ईसीयू रिमॅप हाय, सीएनजीचं सिक्वेन्शियल किट हाय, बॅटरी, पेट्रोल, गॅस, तिन्हीवर पळती, असली गाडी अख्ख्या बेळगावात दुसरी घावायची न्हाई." रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली, सिक्वेन्शियल किट म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं गॅस देणारं. टोकन 25,000 यूपीआयनं, 4,15,000 आरटीजीएस, आणि 1,95,000 रोख, कारण दोन लाखांच्या खाली ठेवलं की लफडं नको म्हणे. पावती फक्त बँकेतनं गेलेल्या पैशाची.

आता लोक म्हणतात मेस्त्री न्यायचा होता. नेला होता की! वीस वर्षं बोलेरो, स्विफ्ट खोलणारा माणूस, त्यानं ऑइल बघितलं, सस्पेन्शन बघितलं, चासी नंबर ताडला. हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागं असते आणि डिकीत सीएनजीची टाकी अशी आडवी ठोकलेली की तिथं हात घालायलाच जागा नाही. टाकी तिथं का, हे आता कळतंय.

पण एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. बटण दाबलं की मीटरवर सगळे दिवे क्षणभर पेटतात आणि मग विझतात, कुठल्याही गाडीत. ही गाडी बंद करून परत चालू केली तेव्हा एबीएसचा पेटला, एअरबॅगचा पेटला, चेक इंजिनचा पेटलाच नाही. मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि मनात आलं, वा, एक पण वॉर्निंग नाही, इंजिन क्लीन दिसतंय! नंतर मीटर खोललं तर काचेच्या आत त्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा, कात्रीनं गोल कापलेला. तेवढ्यासाठी पूर्ण मीटर बाहेर काढला असणार त्यानं. आणि आम्ही पोचायच्या आधीपासनं इंजिन चालू होतं, टेस्ट ड्राइव्हला सिग्नलवर थांबलो तरी बंद झालं नाही. हायब्रिड थांबली की इंजिन गप व्हायला पाहिजे, तीच तर तिची गंमत. विचारलं तर म्हणाला एसी चालू आहे आणि रिमॅपमुळं बॅटरी वाचवती. आता समोरचा एवढं ठाम बोलायला लागला की कुणालाही पटेल.

कोगनोळी टोल, निपाणी, सगळं सपाटीवर मस्त. तवंदी घाट चढायला लागलो आणि गाडी मेली. अ‍ॅटकिन्सन सायकलचं इंजिन, म्हणजे पेट्रोल वाचवायला बनवलेलं, त्याला मुळात जोर कमी, चढाला मोटरनं ढकलायचं असतं. इथं मोटरला करंट द्यायला बॅटरीतच काही नाही. टोइंगचे 6,500. हायब्रिडचं काम येणाऱ्यानं टाकी काढून बघितलं तर बॅटरीच्या 34 मॉड्यूलपैकी (आतल्या छोट्या बॅटऱ्या) 11 गेलेली, काही दुसऱ्या कुठल्या गाडीची भंगारातली घुसडलेली. एरर कोड त्याच सकाळी पुसलेले. या गाडीला वेगळा स्टार्टर मोटर नसतो, बॅटरी पूर्ण गेली की इंजिनसुद्धा उठत नाही, म्हणजे उद्या दारातच शोभेला. नव्या बॅटरीचा कोट 3,40,000. यात कंपनीचा काय दोष नाही, अकरा वर्षांची बॅटरी आहे, दोष ती लपवणाऱ्याचा.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा) हजार-दीड हजारात येतो, घ्या आणि लावा. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर (गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या) बघा, सगळे 'इनकम्प्लीट' असले तर कोड आत्ताच पुसलेत. आणि इंजिन थंड असतानाच गाडी बघायची, गरम असेल तर थांबा नाहीतर परत या.

किटची आरसीवर नोंद नाही, टाकीची प्लेट घासून टाकलेली, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं टाकीची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते त्याचा पत्ता नाही. आरटीओ म्हणतो किट काढल्याशिवाय केए पासिंग होणार नाही. काढायचे 14,000, आणि मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) पाडलेली भोकं बुजवायची कुणी?

आता पोलीस. इकडचं ठाणं म्हणतं व्यवहार महाराष्ट्रात झालाय, तिकडं जा. तिकडचं म्हणतं गाडी कर्नाटकात बंद पडली, तुम्ही राहता पण तिथंच. निवडणुकीला दोघांनाही इंच इंच जमीन पाहिजे, तक्रार घ्यायची म्हटलं की हद्द नको! मराठीत अर्ज नेला तर कन्नडात आणा. शेजारच्या अण्णांनी चांगल्या कन्नडात लिहून दिला, देव त्यांचं भलं करो, तर साहेब बंदोबस्ताला, "नाळी बर्री", म्हणजे उद्या या. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम 173 नं हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायला पाहिजे, 1 जुलै 2024 पासनं कायदा आहे, हे मी प्रिंट काढून टेबलावर ठेवलं. प्रिंटवर चहाचा कप ठेवला साहेबांनी. शेवटी 'सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा' असं एंडॉर्समेंट, म्हणजे लेखी शेरा, देऊन बोळवण. काळी चिकटपट्टी सिव्हिल मॅटर? आणि तिकडचा हवालदार तर यार्डवाल्याला फोनवर "दादा" म्हणत होता, माझ्यासमोर.

आणि रोख देऊ नका. कितीही गोड बोलला तरी.

वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की धंदा करणाऱ्या यार्डवाल्यावर ग्राहक आयोगात जाता येतं आणि तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, हद्दीचं नाटकच नाही. ठाण्यात एवढे दिवस बसवून घेतलं, कुणी तोंड उघडलं नाही. दिलेली रक्कम पाच लाखांच्या वर असती तर फी 200 रुपये होती. मला फी शून्य, कारण कागदावर मी 4,40,000 च दिलेत.