बॉर्डर, लक्ष्य, हकीकत की उरी? आज रात्री कोणता लावायचा

"एखादा वॉर मूव्ही सांग रे" असं कुणी म्हटलं की बहुतेक जण 'बॉर्डर' सांगून मोकळे होतात. उत्तर चुकीचं नाही, अर्धवट आहे. माझ्या मते युद्धपट लढाईवरून निवडूच नये. तोफा काय, सगळ्याच सिनेमांत धडाडतात. तोफा थांबल्यावर पडद्यावरची माणसं काय करतात ते बघावं. कुणी घरचं पत्र चारदा वाचतो, कुणी शेजारच्याची खेचत बसतो, कुणी नुसता अंधारात टक लावून असतो. हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात ते या मधल्या वेळामुळे.

घरात आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे एकत्र बसणार असतील तर 'बॉर्डर' (१९९७) लावा, फार डोकं खाजवू नका. १९७१ च्या डिसेंबरातली, राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्याची रात्र. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, त्यांच्यासोबत '२३ पंजाब' या पलटणीचे जेमतेम सव्वाशे जवान आणि समोरून येणारे रणगाडे. हवाई दलाची हंटर विमानं जैसलमेरला उभी, पण रात्री लढायची सोय त्यांच्यात नाही. म्हणजे उजाडेपर्यंत ठाणं टिकवायचं. पटकथाकाराला आयतं मिळालेलं हे घड्याळ जे. पी. दत्तांनी पुरेपूर वापरलंय. मात्र त्याआधी बराच वेळ ते आपल्याला नुसतं जवानांमध्ये बसवतात. लंगर सांभाळणारा भागीराम, सुट्टी मिळाल्यावर हवेत तरंगणारा मथुरादास, आणि 'संदेसे आते हैं'. जवळपास दहा मिनिटांचं हे गाणं आज कुणी ठेवलं असतं का, शंकाच आहे. पण तेवढा वेळ दिलाय म्हणूनच पुढे रणगाडे दिसल्यावर पोटात गोळा येतो. प्रत्येकाच्या घरी कोण वाट बघतंय ते आपल्याला एव्हाना पाठ झालेलं असतं.

इतिहास म्हणून मात्र 'बॉर्डर'वर विसंबू नका. सिनेमात एकेक ओळखीचा चेहरा कोसळत जातो, प्रत्यक्षात त्या रात्री आपले दोन जवान शहीद झाले. सुनील शेट्टीने रंगवलेले बीएसएफचे भैरोंसिंग पडद्यावर रणगाड्यासमोर प्राण देतात. खरे भैरोंसिंग राठोड डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते. स्वतःचं हौतात्म्य पडद्यावर बघताना त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. शिवाय चांदपुरी झालेल्या सनी देओलचा आवाज. तो ज्यांना सहन होत नाही त्यांनी पुढचं वाचावं.

'लक्ष्य' (२००४) युद्धाचा कमी आणि घरात लोळून आईबापाचा जीव खाणाऱ्या पोराचा जास्त आहे. मित्र जातोय म्हणून हा करण शेरगिल (हृतिक रोशन) आयएमएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, दाखल होतो, तिथली शिस्त झेपत नाही म्हणून पळून येतो आणि मैत्रीण त्याला सरळ नारळ देते. त्यानंतर तो परत जातो. कुणी पाठीवर हात ठेवला म्हणून जात नाही, लाज वाटली म्हणून जातो, आणि हेच मला फार खरं वाटतं. प्रेक्षकांनी तेव्हा या सिनेमाला म्हणावा तसा प्रतिसाद दिला नाही. त्यांना पहिल्या रिळापासून कारगिल हवं होतं, आणि इथे मध्यंतरापर्यंत हृतिक स्वतःलाच शोधतोय. अमिताभ यात कर्नल सुनील दामले आहे. दामले! आमच्या घरात अजूनही अमिताभ पडद्यावर आला की कुणीतरी "आले दामले" म्हणतंच.

कारगिलच्या सिनेमांची खरी भीती उंचीत आहे. १९९९ मध्ये घुसखोर शिखरांवर बसले होते, खाली श्रीनगर-लेह रस्ता त्यांच्या माऱ्यात होता आणि आपल्या जवानांना उघड्या चढणीवरून वर जायचं होतं. 'लक्ष्य'च्या शेवटी सरळसोट कडा दोरावरून चढायचा प्रसंग आहे. तिथे संवाद जवळजवळ नाहीतच, ऐकू येतो तो धापा टाकण्याचा आवाज. याच युद्धावरचा 'शेरशाह' (२०२१) कॅप्टन विक्रम बत्रांचा आहे. आधी पॉइंट ५१४० हे शिखर, मग पॉइंट ४८७५, आणि ७ जुलै १९९९ चं हौतात्म्य. शेवट आपल्याला माहीत असतो, तरी रडू आवरत नाही. बारावीतलं दिशाहीन कार्टं घरात असेल तर 'लक्ष्य', कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींसोबत बघायचा असेल तर 'शेरशाह'.

'उरी' (२०१९) ज्यांना थांबायला आवडत नाही त्यांच्यासाठी. सप्टेंबर २०१६ चा उरीच्या लष्करी तळावरचा हल्ला आणि त्यानंतरचे सर्जिकल स्ट्राइक, सव्वादोन तासांत काम फत्ते. तांत्रिक बाजू झकास, चित्रीकरण बरंचसं सर्बियात झालंय हे सांगूनही खरं वाटत नाही. थिएटरात 'हाउज द जोश?' या प्रश्नाला अख्खं पब्लिक उत्तर द्यायचं, ती मजा घरच्या सोफ्यावर निम्मी होते. माझी तक्रार एवढीच की इथे गोळीबार थांबला की सिनेमाला काय करावं ते सुचत नाही. आजारी आई आहे, पण ती नायकाला दिल्लीत आणण्यापुरतीच. (नायक इथेही शेरगिलच. हिंदी सिनेमाला सैन्यात दुसरं आडनाव सापडत नाही की काय!)

आणि 'हकीकत' (१९६४). हा एकट्याने बघायचा. चीनकडून झालेल्या बासष्टच्या पराभवाला दोनच वर्षं झाली होती आणि चेतन आनंद लडाखमध्ये कॅमेरा घेऊन माघार घेणाऱ्या तुकडीची गोष्ट सांगत होते. जिंकलेल्या लढाईवर कुणीही सिनेमा काढेल. इथे कुमक येणार नाही हे हळूहळू आपल्याला कळत जातं, जवानांना त्याच्याही आधी कळलेलं असतं. 'होके मजबूर मुझे' या गाण्यात दमलेले जवान आपापल्या बाईची आठवण काढतात. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार गळे, मदनमोहनची चाल. सिनेमातल्या कुठल्याही चकमकीपेक्षा ही काही मिनिटं जड जातात. संथ आहे, कृष्णधवल आहे, काही प्रसंग नाटकी वाटतात. रात्री दहानंतर, फोन बाजूला ठेवून बघणार असाल तरच सुरू करा.

गाणीबिणी नकोच असतील तर 'डंकर्क' (२०१७). १९४० साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेले सैनिक सुटकेची वाट बघतायत, म्हणजे एका अर्थी लोंगेवालाचीच कथा. पण इथे कुणाच्या घरचं काही कळत नाही, शत्रूचा चेहरा दिसत नाही, रक्तही फारसं नाही. पावणेदोन तास नुसता ताण. 'बॉर्डर'वर पोसलेल्या माझ्या एका मित्राला हा कोरडा ठणठणीत वाटला, आणि त्याचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही.

'एलओसी कारगिल' (२००३) विचारणारेही असतात. तोही दत्तांचाच, आणि सव्वाचार तासांचा. इतके नट आहेत की हेल्मेट घातल्यावर कोण कुठल्या तुकडीतला याचा पत्ता लागत नाही. लावायचाच असेल तर दुपारी जेवणं उरकून बसा, आणि मध्ये चहाला उठलात तरी काही बिघडत नाही.