युंगफ्राउच्या खोऱ्यात हॉटेल बुक करताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच देऊन टाकू. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउ भागासाठी बुकिंगच्या मोठ्या साइट्स शोधाशोध करायला उत्तम आहेत, पैसे भरायला बऱ्या, आणि कुठल्या गावात राहायचं हे ठरवायला जवळजवळ निरुपयोगी. गेले काही महिने या साइट्स, हॉटेलांच्या स्वतःच्या वेबसाइट्स आणि थेट ईमेल असे तिन्ही मार्ग घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या बुकिंगसाठी आलटून पालटून वापरल्यावर बनलेलं हे मत आहे. तारे आणि रेटिंग बघायच्या आधी गाव पक्कं करा. इथे गाव चुकलं तर चांगलं हॉटेलही उपयोगाचं नाही.

साइटवर 'इंटरलाकेन' टाकलं की जी यादी येते तिच्यात उंटरझेन, माटेन, ब्योनिगेन अशी शेजारची गावंही मिसळलेली असतात. ती वाईट नाहीत, पण बॅगा घेऊन बस पकडावी लागते. शिवाय इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट, आणि त्यांच्यात साधारण दोन किलोमीटरचं अंतर आहे. डोंगरावर जाणाऱ्या गाड्या ओस्टवरून सुटतात. त्यामुळे 'स्टेशनपासून तीन मिनिटं' असं लिहिलेलं दिसलं की कुठलं स्टेशन ते आधी बघायचं. ओस्टवरून निघालेली गाडी त्स्वायल्युट्शिनेनला दोन भागांत तुटते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. चुकीच्या डब्यात बसलात तर दुसऱ्याच खोऱ्यात पोचाल.

ओस्टहून लाउटरब्रुनेन वीसेक मिनिटं, ग्रिंडेलवाल्ड पस्तीसेक. वेळापत्रकात हा फरक किरकोळ वाटतो, पण गावांचा स्वभाव अगदी वेगळा. लाउटरब्रुनेन (सुमारे ८०० मीटर) उभ्या कड्यांच्या मधोमध आहे. २९७ मीटरचा श्टाउबबाख धबधबा गावातूनच दिसतो म्हणून फोटो तिथले जास्त फिरतात. पण त्याच कड्यांमुळे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं, आणि दिवसभर पर्यटकांची वर्दळ असते. त्याच्या वर डोंगराच्या खांद्यावर वेंगेन आहे, १२७४ मीटरवर. तिथे संध्याकाळी उशिरापर्यंत ऊन असतं. गावात मोटारी नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या गाडीने पंधरा मिनिटांच्या आत पोचता. म्युरेन (१६३८ मीटर) समोरच्या बाजूला, आधी केबल कार आणि मग छोटी गाडी. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं समोर उभी. शांतता हवी असेल तर म्युरेन, पण दुपारी पाऊस लागला तर करण्यासारखं फार काही नाही. ग्रिंडेलवाल्ड मोठं आहे, दुकानं भरपूर. २०२० च्या डिसेंबरात आयगर एक्सप्रेस सुरू झाल्यापासून युंगफ्राउयोखला (३४५४ मीटरवरची बर्फाळ खिंड) जायचा सगळ्यात जलद रस्ता तिथूनच आहे. मात्र ही केबल कार ग्रिंडेलवाल्ड स्टेशनवरून नाही, त्याच्या आधीच्या 'ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल' स्टेशनवरून सुटते. गावाच्या वरच्या अंगाला असलेलं हॉटेल घेऊन रोज सकाळी टर्मिनल गाठणं म्हणजे उतार, बस आणि घड्याळ यांची कसरत.

आई-वडील आणि लहान मुलं सोबत असतील तर माझं मत वेंगेनला. तरुण मंडळी असतील आणि खर्च आवरायचा असेल तर विल्डर्सविल. ते इंटरलाकेनच्या पुढचं पहिलंच स्टेशन आहे, आणि साइट्सवर ते नाव मुद्दाम टाकल्याशिवाय वर येत नाही. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेंगेन, म्युरेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा प्रवास त्यातच बसतो, त्यापुढे युंगफ्राउयोखला फक्त सवलत मिळते. म्हणजे पास असलेल्याने 'वर राहिलं तर रोजचं तिकीट वाढेल' अशी भीती बाळगायचं कारण नाही. पास नसेल तर इंटरलाकेनच्या हॉटेलात मिळणारं गेस्ट कार्ड विसरू नका, त्यावर स्थानिक बस फुकट असते.

आता तारखा. आपल्याकडच्या सुट्ट्या आणि तिथला हंगाम यांचं अजिबात जमत नाही, आणि साइट हे सांगत नाही. ईस्टरनंतर मे अखेरीपर्यंत, आणि ऑक्टोबर अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, डोंगरावरची बरीच हॉटेलं बंद असतात. केबल कारची वार्षिक दुरुस्तीही याच काळात निघते. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी बऱ्याचदा या दोन फटींत पडते. साइटवर मेच्या पहिल्या पंधरवड्यात वेंगेन किंवा म्युरेन शोधलं की मोजकीच हॉटेलं दिसतात आणि 'या तारखांना ९० टक्के खोल्या संपल्या' अशी लाल पट्टी झळकते. खोल्या संपलेल्या नसतात, हॉटेलं बंद असतात. घाबरून महागडी खोली घेऊ नका. त्या काळात इंटरलाकेन किंवा ग्रिंडेलवाल्डला राहा, भावही खाली असतात, आणि युंगफ्राउयोखची गाडी तर वर्षभर चालते. वरच्या पायवाटांवर मात्र मेमध्ये बर्फ असतो, त्यामुळे सरोवराच्या काठाला धरून बेत आखावा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जाता आलं तर सगळंच सोपं होतं, फक्त शाळा सुरू झालेल्या असतात.

हॉटेलचं पान वाचताना रेटिंगचा आकडा सोडा, शब्द वाचा. 'गार्नी' लिहिलं असेल तर फक्त नाश्ता, संध्याकाळचं जेवण नाही. 'हाल्बपेन्सिओन' म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. 'एटागेनडुशे' म्हणजे बाथरूम मजल्यावर सामाईक. 'माउंटन व्ह्यू' हा सगळ्यात फसवा शब्द आहे, कारण इंटरलाकेनमध्ये कुठल्याही खिडकीतून कुठला तरी डोंगर दिसतोच. उत्तरेकडची खिडकी असेल तर हार्डर नावाच्या डोंगराचा जंगलाने भरलेला उतार दिसेल. बर्फाचा युंगफ्राउ हवा असेल तर खोली दक्षिणेकडची हवी, आणि ते हॉटेलला लेखी विचारून घ्यावं. गच्चीवरून काढलेला फोटो खोलीतला देखावा म्हणून लावलेला असतो, हेही नेहमीचंच.

खोलीत एसी नसणं हा दोष नाही, तिथे तो बहुतेक ठिकाणी नसतोच. दोष आहे तो लिफ्ट नसण्याचा. जुन्या लाकडी हॉटेलांत तिसऱ्या मजल्यावर बॅग स्वतः न्यावी लागते. हे रेटिंगमध्ये कळत नाही, कारण चांगला देखावा बघून लोक दहापैकी नऊ देऊन मोकळे होतात. अभिप्रायांच्या शोधपट्टीत लिफ्ट, जिने, आवाज आणि घंटा हे शब्द इंग्रजीत टाकून बघा. बऱ्याच गावांत चर्चच्या घंटा रात्रीही दर पाव तासाने वाजतात. नकाशावरचं अंतरही सरळ रेषेतलं असतं. वेंगेनला स्टेशनपासून ३०० मीटर लिहिलेलं असतं आणि ते सगळे चढाचे निघतात. बॅटरीवर चालणारी गाडी स्टेशनवर घ्यायला येते का, ते ईमेलवर विचारा, बरीच हॉटेलं पाठवतात.

'डबल बेड' म्हटलं की साधारणपणे एका चौकटीत दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं मिळतात. मधल्या फटीत लहान मूल झोपवायचा बेत असेल तर तो सोडा. 'फ्रेंच बेड' दिसलं तर ते १४० सेंटिमीटरचं, दोघांना अडचणीचं. मुलांची वयं खरी टाका. दोघांची खोली घेऊन चौघांनी राहायची आपली खास युक्ती तिथे चालत नाही. प्रत्येक पाहुण्याची नोंद होते, माणशी रात्रीचा पर्यटन कर भरावा लागतो, आणि जादा माणूस दिसला की दुसरी खोली घ्यायला सांगतात. हा कर साइटवरच्या किमतीत सहसा नसतो, काउंटरवर द्यावा लागतो.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते रद्द करण्याच्या अटींत, आणि त्याचं मूळ व्हिसात आहे. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, आणि प्रकरण अडकलं तर पंचेचाळीसपर्यंत जातात. भर हंगामात डोंगरावरची काही हॉटेलं मोफत रद्द करण्याची मुदत मुक्कामाच्या तीस दिवस आधीच संपवतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गणित उघड होतं: अपॉइंटमेंट प्रवासाच्या निदान अडीच महिने आधीची हवी, नाहीतर व्हिसा हातात नसताना मुदत उलटते. परत न मिळणारा दर दहा-पंधरा टक्के स्वस्त दिसतो, पण व्हिसा येईपर्यंत त्याला हात लावू नका. रात्रींची संख्याही मोजा. दोन-तीन देश करणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि मागाहून हॉटेलं बदलून हा हिशोब उलटा करणं अंगाशी येऊ शकतं.

कन्फर्मेशनवर साइट बहुधा एकट्याचंच नाव छापते. अर्ज चौघांचा असेल तर चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. काही साइट्सवर बुकिंग उघडून पाहुण्यांची नावं वाढवता येतात. नाहीतर हॉटेलला दोन ओळींचा ईमेल पाठवा, ते नावांसकट पत्र देतात. मुदतीची वेळ हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे असते. उन्हाळ्यात तिथले रात्रीचे ११.५९ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ३.२९, त्यामुळे भारतातून करणाऱ्याला थोडी सूटच मिळते. न्यू जर्सीतल्या मंडळींनी मात्र संध्याकाळी सहाच्या आत रद्द करायला हवं.

पैसे भरताना अडचण येते ती कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावर परदेशातले ऑनलाइन व्यवहार आपण स्वतः सुरू करून मर्यादा ठरवाव्या लागतात. ते बंद राहिले तर बुकिंग लगेच झालेलं दिसतं, पण नंतर हॉटेल कार्ड तपासतं, व्यवहार नाकारला जातो आणि 'अमुक तासांत नवं कार्ड द्या' असा निरोप येतो. तेव्हा बुकिंग झाल्यावरही मर्यादा खाली आणू नका. आता यातली मेख अशी की हुबेहूब असाच निरोप फसवणारेही पाठवतात, कधी कधी साइटच्याच चॅटमधून, कारण हॉटेलचं खातं हॅक झालेलं असतं. लिंकवर कधीच टिचकी मारू नका. ॲप उघडून कार्ड बदला किंवा हॉटेलला फोन करा.

कार्डावर ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १२०० फ्रँकच्या मुक्कामावर जवळजवळ ५० फ्रँक नुसते बँकेला आणि करात जातात. मार्कअप नसलेलं कार्ड घेतलं तर हे वाचतात. साइटवर रुपयांत दिसणारी किंमत 'हॉटेलवर पैसे द्या' या पर्यायात फक्त अंदाज असते, कापले जातात फ्रँकच. काउंटरवरच्या मशीनने रुपये की फ्रँक विचारलं तर फ्रँक. आणि 'मोफत रद्द' असूनही पैसे आधीच कापणारे दर असतात. रद्द केल्यावर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो आणि मार्कअप परत मिळेलच असं नाही. त्यामुळे 'मोफत' शब्दाखालची बारीक ओळ वाचणं आलंच.

आता थेट बुकिंग. १ डिसेंबर २०२२ पासून स्वित्झर्लंडमध्ये साइट्सना 'तुमच्या वेबसाइटवर आमच्यापेक्षा कमी दर लावू नका' अशी अट हॉटेलवर घालता येत नाही. म्हणून साइटवर हॉटेल सापडलं की त्याच तारखा हॉटेलच्या वेबसाइटवर टाकून बघाव्यातच. कधी दर कमी निघतो, कधी तोच दर पण नाश्ता आत, कधी रद्द करायची मुदत लांब. तीन रात्री किंवा जास्त असतील तर ईमेलवर विचारल्यावर देखाव्याची खोली मिळण्याची शक्यता वाढते. ईमेल छोटा ठेवा: तारखा, माणसं आणि वयं, खोलीची दिशा, लिफ्ट, सकाळी लवकर निघायचं असेल तर नाश्त्याचं पाकीट मिळेल का. नाश्ता बहुधा सातला सुरू होतो, आणि पहिल्या गाडीने वर जायचं तर तो हुकतो. साइटचा फायदा उरतो तो एकाच ठिकाणी सगळी बुकिंगं दिसण्याचा आणि भांडण झालं तर मध्यस्थ असण्याचा. एक-दोन रात्रींसाठी तेवढंही पुरे.

जेवणाचं म्हणाल तर, हाल्बपेन्सिओनमध्ये शाकाहारी सांगितलं की चीज, बटाटा आणि पास्ता हे तिन्ही फिरून फिरून येतात. कांदा-लसूण नको हे समजावणं अवघड, तेव्हा जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्यावं. तिथे शेवटच्या सफाईचे पैसे वेगळे असतात, बरेचदा शनिवार ते शनिवारच देतात, आणि नव्या घरांत इंडक्शन असल्याने ॲल्युमिनियमचा कुकर गरम होत नाही, तळाला स्टील लागतं. हॉटेलच्या खोलीत मात्र भात लावू नका, धुराचा अलार्म वाजला तर बिल येतं. सॉकेटही वेगळं आहे: षटकोनी खोलगट खाच आणि तीन भोकं. मोबाइल चार्जरची बारीक दोन पिनांची पट्टी बसते, आपली जाड गोल पिन बसत नाही, आणि विमानतळावर मिळणारा ठोकळ्यासारखा युनिव्हर्सल अॅडॉप्टर त्या खाचेत शिरतच नाही. स्विस पिनचा सुटा अॅडॉप्टर इथूनच न्यावा, किंवा चेक-इन करताना मागावा. रिसेप्शन मात्र लहान हॉटेलांत संध्याकाळी बंद होतं, त्यानंतर पोचणार असाल तर किल्लीच्या पेटीचा कोड आदल्या दिवशी मागवून फोनमध्ये लिहून ठेवा.